गुंड्याभाऊ आणि गुंडप्पा

बंगळूरच्या मराठी घरांतून अलीकडे बारशाच्या आधी एक नवाच वाद ऐकू येतो. बाळास चालू चलनातले नाव ठेवावे की पणजोबांचे अथवा पणजीचे, असा तो वाद आहे. एका पिढीपूर्वी तो संभवलाच नसता. त्या काळी कुलपरंपरेचे नाव पाळण्यात कुजबुजून ठेवीत आणि शाळेच्या दाखल्यावर निराळेच घालीत. कुलदैवतही संतुष्ट आणि मास्तरही. आता मात्र तरुण आईबाप हौसेने जुने नाव काढतात, शेजारचे कानडी कुटुंब त्याचे कौतुक करते आणि पुण्या-नागपूरकडील नातलग कपाळास हात लावतात. तेच नाव, तेच बाळ; मग एका गावी कौतुक आणि दुसऱ्या गावी खेद का? मला हा प्रश्न वाङ्मयाचा वाटतो. जुने नाव कानी पडताच आपल्या मनात जे उमटते ते पंचांगातून आलेले नसते. ते पुष्कळ अंशी आपण वाचलेल्या गोष्टींतून, पाहिलेल्या नाटकांतून आणि ऐकलेल्या थट्टेतून आलेले असते.

'गुंडो' हे नाव घ्या. त्याचा उच्चार होताच मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे चिं. वि. जोशी यांचा गुंड्याभाऊ उभा राहतो. चिमणराव किरकोळ, भिडस्त आणि स्वतःविषयी बराच समज असलेला कारकून. गुंड्याभाऊ धिप्पाड, रांगडा आणि हाताने विचार करणारा. दोघांचे स्वभाव वर्णनापूर्वीच त्यांच्या नावांनी सांगून टाकले आहेत. विनोदी लेखकाची ही काटकसर मोठी कौतुकास्पद आहे. (जोशी बडोद्यास पालीचे अध्यापक होते हे येथे मुद्दाम नोंदवितो. पुणेरी मध्यमवर्गाचे इतके नेमके चित्र महाराष्ट्राबाहेर नोकरी करणाऱ्याने काढावे, यात आपणा बदलीवाल्यांस थोडे समाधान आहे.) पुढे दूरदर्शनवर दिलीप प्रभावळकर आणि बाळ कर्वे यांनी ही जोडी घराघरांत नेली आणि ज्यांनी जोशी वाचलेच नव्हते त्यांच्याही मनात गुंडो या नावाचा निकाल लागला. विनोदी लेखकाने एखादे नाव एकदा खर्च केले की ते पालकांना सहजासहजी परत मिळत नाही. त्यात मराठीत 'गुंड' या शब्दाला मवाली हाच अर्थ उरला. दगडगुंड्यातला गोल, निरुपद्रवी गुंडा मागे पडला. बेळगाव, कोल्हापूर या बाजूस गुंडू अजून भेटतात; परंतु पुण्यात बदली झालेला गुंडू आपली सही प्रायः आद्याक्षराने करतो.

आता बंगळूरच्या बसवनगुडी भागात या. तेथील गजबजलेल्या बाजाररस्त्याचे नाव डी. व्ही. जी. रस्ता. हे डी. व्ही. जी. म्हणजे देवनहळ्ळी वेंकटरमणय्या गुंडप्पा (१८८७-१९७५). पत्रकार, कवी, विचारवंत अशी त्यांची थोरवी. १९७४ साली त्यांना पद्मभूषण मिळाले. आपल्या मंडळींना आपुलकी वाटावी अशी गोष्ट ही की १९४५ साली त्यांनी येथे जी सार्वजनिक विचाराची संस्था उभारली तिला गोपाळ कृष्ण गोखले यांचे नाव दिले. ती संस्था आजही गोखले यांच्या नावाने ओळखली जाते. कानडी घरांत त्यांचा १९४३ चा 'मंकुतिम्मन कग्ग' हा काव्यग्रंथ सुभाषितांसारखा उद्धृत होतो. ग्रंथाचे नावच पाहा. 'मंकु' म्हणजे मंदबुद्धी, आणि तिम्मा हे कानडी मुलखातले आपल्या धोंडूसारखे साधे, खेडवळ नाव. जीवनाविषयीचे सारे चिंतन कवीने या मठ्ठ तिम्माच्या तोंडी घातले आहे, आणि वाचक ते हात जोडून ऐकतो. गुंडप्पांनी तिम्माला ज्ञान दिले. आपण गुंड्याला काठी दिली.

हा केवळ दोन लेखकांच्या प्रकृतीतला भेद आहे असे मला वाटत नाही. त्याच्या मुळाशी दोन भाषांतील नाव लिहिण्याची रीत आहे, आणि कचेरीत रोज शंभर नावे लिहिणाऱ्यास ती सहज ध्यानी येते. मराठी माणूस आद्याक्षरे करतो तेव्हा स्वतःचे आणि वडिलांचे नाव आखडून घेतो व आडनाव तेवढे उघडे ठेवतो: चिं. वि. जोशी, ग. दि. माडगूळकर, धों. के. कर्वे. कानडी माणूस गाव आणि वडील आखडतो आणि स्वतःचे नाव पूर्ण लिहितो. देवनहळ्ळी गेले, वेंकटरमणय्या गेले, गुंडप्पा राहिला. कानडीचे राष्ट्रकवी कु. वें. पु. म्हणजे कुप्पळ्ळी वेंकटप्पा पुट्टप्पा. यातले 'पुट्ट' म्हणजे धाकटे, चिमुकले. त्यांनी टोपणनावासाठी आद्याक्षरे जुळवून 'कुवेंपु' केले हे खरे, परंतु विद्यापीठाचे कुलगुरू म्हणून ते पुट्टप्पाच होते आणि १९६७ चे ज्ञानपीठ त्यांना मिळाले तेव्हा 'चिमणराव' म्हणून कोणी हसले नाही. ज्यास आपले नाव लपविण्याची सोयच नाही त्यास ते मिरवावे लागते. आपल्याकडे मात्र नको असलेले नाव एका टिंबाआड जाऊन बसते, आणि मग त्या नावाची लाज पिढ्यानुपिढ्या न तपासताच पुढे चालते. महर्षी कर्वे यांचे नाव धोंडो. १९१६ साली त्यांनी महिला विद्यापीठ स्थापिले, १९५८ साली त्यांना भारतरत्न मिळाले, लोकांनी त्यांना अण्णासाहेब म्हटले. परंतु एवढ्या मोठ्या पुण्याईनेही 'धोंडो' हे नाव पुन्हा पाळण्यात आले नाही. (दिल्लीस तर ते ठेवूच नये. तेथे 'ढूँढो' असे ऐकून शेजारचा कारकून फाईल शोधू लागावयाचा.)

दुसरी गोष्ट प्रत्ययाची. कानडीत 'अप्पा', 'अण्णा', 'अय्या' हे मानाचे शब्द नावातच मुरलेले आहेत. गुंडप्पाला नुसती हाक मारली तरी बाप म्हटल्याखेरीज सुटका नाही. मराठीत मूळ नाव आणि मान हे दोन वेगळे डबे आहेत. कोणत्या इंजिनास कोणता डबा जोडावयाचा हे समाज ठरवितो. दगडूचेच पाहा. मूल जगत नाही म्हणून यमाला हेवा वाटू नये असे नाव ठेवावे, या समजुतीने दगडू, धोंडू, केरबा, भिकू, उकिर्डा ही नावे सर्व जातींत ठेवीत. कानडीतही कल्लप्पा आहे, तिप्पण्णा आहे. 'कल्लु' म्हणजे दगड आणि 'तिप्पे' म्हणजे उकिरडा. आईची भीती दोन्हीकडे सारखीच. परंतु मराठीत एका दगडूस 'शेठ' जोडले गेले. लिंगायत मिठाईवाले दगडूशेठ हलवाई यांचे नाव पुण्याच्या गणपतीस मिळाले आणि आज हजारो भाविक ते नाव भक्तीने उच्चारतात. त्यांतील कोणासही त्यात दगड ऐकू येत नाही. दुसऱ्या दगडूस 'या' जोडला गेला. तो दगड्या झाला.

हा 'या' कोठून आला? मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात नामकरणाचा नियम आहे: ब्राह्मणाचे नाव मंगल, क्षत्रियाचे बलवाचक, वैश्याचे धनवाचक आणि शूद्राचे जुगुप्सित असावे. तेव्हा एकाच नावास दोन उगम आहेत. कोठे ते आईने मायेने, यमाला फसविण्यासाठी ठेवले. कोठे ते समाजाने तुच्छतेने लादले. पाळण्यात दोन्ही सारखीच दिसतात, परंतु चावडीवर हाक पडली की वेगळी होतात.

या विषयावर मराठीत सर्वांत खोल जाणारे पुस्तक १९७८ साली प्रसिद्ध झाले. ते म्हणजे दया पवार यांचे 'बलुतं'. त्याच्या जातिवास्तवाविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे, आणि ते योग्यच आहे. परंतु त्याची रचना एका नावावर उभी आहे याकडे मला वाचकांचे लक्ष वेधावयाचे आहे. दगडू मारुती पवार हा आपली कहाणी सांगतो आणि दया पवार ती ऐकतो. दोघे एकच. नाव बदलले म्हणून माणूस निसटला नाही. जुने नाव समोर येऊन बसले आणि बोलू लागले. आत्मचरित्रकार सामान्यतः आपल्या बालपणाकडे वळून पाहतो. येथे बालपणच लेखकाकडे पाहते, जणू साक्षीदार उलटतपासणीस उभा आहे. 'दया' हे नाव शिक्षणाने, शहराने आणि कवितेने दिलेले. 'दगडू' हे गावाने दिलेले. लेखकाने पहिले टाकले नाही आणि दुसरे लपविले नाही. मराठीत नाव या गोष्टीचा इतका गंभीर उपयोग अन्यत्र क्वचितच झाला असेल. १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर सिद्धार्थ, मिलिंद, राहुल, सुजाता ही नावे घरोघर का आली, हे ज्यास कळत नसेल त्याने 'बलुतं'मधला हा संवाद वाचावा. ती नावे फॅशन म्हणून आली नव्हती. शतकांचा 'या' पुसण्यासाठी आली होती.

यानंतर २०१४ साली रवी जाधव यांचा 'टाइमपास' हा चित्रपट आला. त्यात नायक दगडू परब आणि नायिका प्राजक्ता लेले. केवळ या दोन नावांनी चाळ आणि बंगला, मळलेली टोपी आणि पेटीवरचे गाणे, हे सारे अंतर प्रेक्षकाला पाटी लावल्यासारखे कळते. चित्रपट लोकप्रिय झाला, दगडू नायकही झाला. मात्र त्याच्या नावावरील हशा तसाच राहिला, किंबहुना त्यावरच चित्रपट चालला. पवारांनी दगडूला बोलते केले होते, चित्रपटाने त्याला लाडके केले. या दोहोंतले अंतर समीक्षकाने नजरेआड करू नये.

'सखाराम' या नावाची कथा थोडक्यात सांगण्याजोगी आहे, कारण तीत प्रांताप्रांतांचा कान स्पष्ट दिसतो. महाराष्ट्रात या नावाशी पु. ल. देशपांडे यांचा छापील भाषेत बोलणारा सखाराम गटणे तरी येतो, नाही तर १९७२ च्या नाटकातला तेंडुलकरांचा सखाराम बाइंडर. पुस्तकी पोरगा आणि बेगुमान पुरुष, या दोन टोकांमध्ये आपल्या बाळास जागा कोठे? परंतु बंगालात सखाराम म्हणताच जाणत्या वाचकास सखाराम गणेश देऊस्कर (१८६९-१९१२) आठवतात. तिकडे वाढलेल्या या मराठी माणसाने बंगालीत लिहिलेले 'देशेर कथा' हे पुस्तक १९०४ साली निघाले, स्वदेशीच्या चळवळीत ते घरोघर वाचले गेले आणि १९१० साली सरकारने त्यावर बंदी घातली. कोलकात्यास बदली झालेल्या मराठी कुटुंबाने मुलाचे नाव सखाराम ठेवले तर तेथे त्यास एक आदरणीय पूर्वज आयता मिळेल. तोच मुलगा दिवाळीस ठाण्याला आला की गटणे होईल.

बंगळुरात घडलेली एक कथा मात्र याच्या उलट आहे. १९५० साली येथील मराठी घरात जन्मलेले शिवाजीराव गायकवाड या शहराच्या बसवर वाहक होते. १९७५ साली के. बालचंदर यांनी त्यांना तमिळ चित्रपटात घेतले तेव्हा शिवाजी हे नाव चालणार नव्हते. कारण तमिळ पडद्यावर एक शिवाजी आधीच अढळपदी बसलेले होते. ते विळुप्पुरमचे गणेशन. अण्णादुराई यांच्या नाटकात छत्रपतींची भूमिका केल्यामुळे पेरियार यांनी त्यांना 'शिवाजी' म्हटले आणि ते नाव कायम झाले. तेव्हा भूमिका करणाऱ्या तमिळ नटाकडे महाराजांचे नाव राहिले आणि ज्यास ते बारशात मिळाले होते तो मराठी मुलगा रजनीकांत झाला. २००७ साली त्यांनी 'शिवाजी' नावाच्याच चित्रपटात शिवाजी नावाचा नायक उभा केला, तो भाग निराळा. ज्या गावाची जहागीर १६३८ नंतर शहाजीराजांकडे होती त्या गावच्या मुलाच्या बाबतीत हे घडावे, याची मौज वाटते. महाराष्ट्रात जे नाव इतके उंच आहे की नुसते उच्चारताना जीभ दबकते, ते दक्षिणेत पदवीसारखे कमावता येते आणि सोडूनही देता येते.

मुलींच्या नावांची गोष्ट अधिक कठीण आहे, आणि येथे मला घरचे थोडे सांगावे लागते. दोन वर्षांपूर्वी आमच्याकडे कन्या झाली. तिचे नाव यमुना ठेवावे असे माझ्या पत्नीने सुचविले; ते तिच्या आजीच्या आईचे नाव. वरच्या मजल्यावरील कानडी आजींनी लगेच "गंगे, यमुने, कावेरी" म्हणत पाळण्याला हात लावला. त्यांच्या कानी ती एक नदी होती, आणि नदीचे नाव जुने कसे होणार? माझ्या आत्यांचा मात्र पुण्याहून दोन वेळा दूरध्वनी आला. "अरे, शाळेत तिची यमी होईल," असे त्या म्हणाल्या. त्यांच्या भीतीस आधार नाही असे मी म्हणणार नाही. परंतु यमी या हाकेमागे केवळ पोरांची टवाळी नाही, मराठी कादंबरीचा सबंध आरंभकाल आहे.

बाबा पदमनजी यांचे 'यमुनापर्यटन' १८५७ चे. त्यातली यमुना पतीसह प्रवास करते, जागोजागी विधवांचे दुःख पाहते आणि पुढे तिला स्वतःलाच वैधव्य येते. हरिभाऊ आपटे यांची 'पण लक्षात कोण घेतो' ही कादंबरी १८९० पासून 'करमणूक' पत्रात क्रमशः येऊ लागली. तिची निवेदिका यमू. तिच्या केशवपनाचा प्रसंग ज्याने एकदा वाचला तो ते नाव विसरत नाही. दोन मोठ्या लेखकांनी एकच नाव घ्यावे हा निव्वळ योगायोग नव्हे. त्या काळी ते घरोघरचे नाव होते, आणि घरोघरचे दुःख सांगण्यास घरोघरचेच नाव लागते. हरिभाऊंनी नायिकेस एखादे काव्यमय नाव दिले असते तर वाचकास ती आपली बहीण वाटली नसती. पुढे खांडेकरांनी १९३४ च्या कादंबरीतील नायिकेस 'उल्का' म्हटले तेव्हा मराठी नायिका घरातून उठून आकाशात गेली. तिचे तेज वाढले, परंतु शेजार सुटला.

कादंबरीबाहेर काय चालले होते? कल्याणास १८६५ साली जन्मलेली यमुना जोशी हिचे नववे वर्ष लागले-न-लागले तोच गोपाळरावांशी लग्न झाले आणि ती आनंदी झाली. देवराष्ट्र्याच्या कुर्लेकरांची यमुना न्यायमूर्ती रानड्यांच्या घरी येऊन रमा झाली. ताटात तांदूळ पसरावयाचे, अंगठीने नवे नाव लिहावयाचे आणि जुने नाव माहेरी परत पाठवावयाचे, एवढ्या अवधीत हे होई. सुधारकांच्या घरी तरी निराळे होते काय? १८९३ साली धोंडो केशव कर्वे यांनी गोदूबाईंशी पुनर्विवाह करून मोठे धाडस केले. त्या घरी गोदूबाईंचीही आनंदीबाई झाली. विधवेस पुन्हा संसार मिळाला, मात्र तिच्या नदीस आपले नाव मिळाले नाही. डॉ. आनंदीबाई १८८६ मध्ये अमेरिकेत वैद्यकीय पदवी मिळवून परतल्या आणि पुढच्याच वर्षी वारल्या. १८८८ साली कॅरोलाइन डॉल या अमेरिकन विदुषीने त्यांचे चरित्र लिहिले तेव्हा 'आनंदाबाई' असे छापले. पुढे शुक्र ग्रहावरील एका विवरास त्यांची स्मृती म्हणून नाव दिले गेले ते 'जोशी'. पतीने दिलेले नाव परदेशात बदलले, पतीचे आडनाव ग्रहापर्यंत पोहोचले. आईबापांनी दिलेली यमुना चरित्राच्या पहिल्या प्रकरणातच राहिली. श्री. ज. जोशी यांच्या १९६८ च्या कादंबरीचे नाव 'आनंदी गोपाळ' आहे ते रास्तच, तिचा विषयच ते दांपत्य आहे. तरीही त्या मुखपृष्ठाकडे पाहताना मला आता तिसरे एक नाव गळाल्यासारखे वाटते.

आमच्या मुलीचे नाव यमुना ठेवले. आत्या तिला 'यमुताई' म्हणतात.

जुनी नावे परत येण्याची लाट आपल्याकडेच आहे असे नाही. इंग्लंड-वेल्सच्या २०१८ च्या सरकारी यादीत 'आर्थर' हे नाव १९२० च्या दशकानंतर प्रथमच मुलांच्या पहिल्या दहा नावांत आले. तेथे हे सहज घडते, कारण नाव बाळगणारी पिढी संपली की नावावरील वयाची धूळही झडते. ज्यास म्हातारा आर्थर आठवतच नाही त्यास ते ताजे वाटते. आपल्याकडे धूळ इतक्या सहज झडत नाही. आर्थर कारकुनाचा आणि आर्थर सरदाराचा कागदावर एकच असतो. दगडूशेठ आणि दगड्या यांचे तसे नाही. म्हणूनच आपली लाट निवडक आहे. सई, जिजा, रमा, मुक्ता, राधा परतल्या. भागीरथी, द्वारका, ठकू परतल्या नाहीत. परतलेली नावे बहुधा दोन अक्षरांची, इंग्रजी लिपीत न बिघडणारी आणि राजघराण्याशी, संतांशी किंवा सुधारकांशी नाते सांगणारी आहेत. पारपत्रावर शोभतील आणि बोस्टनच्या शिक्षिकेस उच्चारता येतील, हा हिशेब त्यामागे असतो. ज्या शिक्षिकेची गाठ कधी पडेल न पडेल, तिच्या जिभेची काळजी आपण बारशातच घेतो!

वाङ्मयातही हाच निवडकपणा आहे. भालचंद्र नेमाडे यांनी 'कोसला'त (१९६३) पांडुरंग सांगवीकर आणला, पुढे चांगदेव पाटील आणि 'हिंदू'मध्ये (२०१०) खंडेराव. आधुनिक, अस्वस्थ, शिकलेल्या तरुणास त्यांनी बिनदिक्कत गावाकडचे नाव दिले आणि फडके-खांडेकरी नावांची सद्दी संपविली. हे त्यांचे ऋण मोठे आहे. परंतु पांडुरंग आणि खंडेराव हे देव आहेत, चांगदेव योगी आहे. त्यांच्या पाठीशी देऊळ उभे आहे. केरबाच्या पाठीशी केर आहे. संतांनी ही अडचण कधीच ओलांडली होती. अभंगाच्या शेवटच्या चरणात ते 'तुका', 'नामा', 'जनी', 'चोखा' एवढीच मुद्रा घालीत. राव नाही, पंत नाही, बा नाही. आखडलेले नाव हीनपणाचे नव्हे तर सलगीचे चिन्ह होऊ शकते, हे मराठीस सात शतकांपूर्वी ठाऊक होते.

कानडीचे मी इतके गोडवे गाइले म्हणून तेथील वाचक मला हसतील. कुवेंपु यांचीच 'मलेगळल्लि मदुमगळु' (१९६७) ही कादंबरी उघडली तर तीत गुत्ती आणि तिम्मी हे अस्पृश्य जोडपे आहे, आणि त्यांच्या नावांस कोणी 'अप्पा' अथवा 'अम्मा' जोडत नाही. गौड आणि हेग्गडे तेवढे पूर्ण नावाचे. नावात बाप मुरलेला असतो असे मी वर म्हटले, परंतु तो कोणाच्या नावात मुरू द्यावयाचा याचा निर्णय तिकडच्या चावडीनेही केलाच होता. पुट्टप्पा हे नाव मिरविणाऱ्या थोर कवीने तो निर्णय आपल्या कादंबरीत जसाच्या तसा उतरविला, आणि गुत्तीलाच कथेच्या मध्यभागी आणून बसविले.

तेव्हा बंगळुरात राहून मुलाचे नाव गुंडो किंवा दगडू ठेवू पाहणाऱ्या आईबापांनी हौस अवश्य करावी. त्यांनी एवढेच पाहावे की ज्या नावाची मौज आपण घेत आहोत ते आपल्या घरी आईच्या मायेतून आले होते की दुसऱ्याच्या घरी चावडीवरून लादले गेले होते. कारण ते टाकण्यासाठी कोणाच्या तरी आजोबांनी आयुष्य वेचलेले असते. घाई करण्याचे कारण नाही. १९६९ च्या जन्ममृत्यू नोंदणीच्या कायद्याप्रमाणे बाळाचा जन्म नावावाचूनही नोंदविता येतो. नाव बारा महिन्यांच्या आत विनाशुल्क आणि त्यानंतर शुल्क भरून पंधरा वर्षांपर्यंत घालता येते. तेवढ्या अवधीत 'बलुतं'ही वाचून होते आणि चिं. वि. जोशीही.